शब्दांची विचारपूस : दारू, तालीम, मोर्चा आणि एक फसलेली दुरुस्ती

दसरा-दिवाळीच्या दिवसांत या सदराचं टपाल फुगतं. माणसं जमतात, जेवणं होतात, आणि पान लावता लावता कुणीतरी एखादा शब्द उकरून काढतो. मग वाद, मग पैज, आणि पैजेचा निकाल लावायला मी. खरं तर मी कुणी भाषापंडित नव्हे. सांगलीतल्या छापखान्यांत चौतीस वर्षं मुद्रितं तपासली, त्या शिदोरीवर हे सदर चाललंय.

या खेपेला बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे : अमक्या शब्दाचा ‘खरा’ अर्थ कोणता? दोघांनी तर ‘खरा’च्या खाली लाल शाईने रेघ मारली आहे. त्या रेघेशी माझं जुनं भांडण आहे, ते पुढे येईलच. आधी ज्या पत्राने मला एकटीला हसवलं ते घेते.

‘आमचं गाव कवठेएकंद. मुलीच्या होणाऱ्या सासरच्या मंडळींना दसऱ्याला बोलावलं. मंडळी लांबची, वारकरी. फोनवर मी म्हणालो, “नक्की या, आमच्याकडे दसऱ्याला रात्रभर दारू असते, अख्खं गाव जागं असतं.” तिकडे सामसूम. दुसऱ्या दिवशी मध्यस्थाचा फोन आला, “पाव्हणं, असं कसं बोललात?” माझं म्हणणं, दोन इतक्या वेगळ्या वस्तूंना एकच शब्द कुणी ठेवला?’ — एक वधूपिता, तासगाव तालुका

लग्न मोडलं की ठरलं, हे तुम्ही लिहिलं नाहीत. ठरलं असं धरून चालते.

दोन नाही, तीन वस्तू आहेत, आणि मूळची तिसरीच. फारसीत दारू म्हणजे औषध. आपल्या ‘दवादारू’त ती अजून औषधच आहे. दवा अरबीतून आली, दारू फारसीतून, दोघींचा अर्थ एकच. ‘बाजारहाट’सारखी ही जोडी. सुनेच्या बाळंतपणात सासूने दवादारू केली म्हणतात, तेव्हा कुणी बाटली उघडलेली नसते.

आता औषधाचा बार कसा उडाला? वैद्याचा खल डोळ्यांपुढे आणा. तोफेच्या दारूला सोरा, गंधक आणि कोळसा लागतो. तिन्ही कुटायचे, चाळायचे, मापात मिसळायचे, कोरडे ठेवायचे. करायची रीत औषधाच्या पुडीची आणि गंधक तर वैद्याच्या फडताळातलाच. चिनी भाषेत या मिश्रणाला आजही जो शब्द आहे त्याचा अर्थ ‘आगीचं औषध’ असाच होतो. म्हणजे ही कल्पना एकट्या आपल्याला सुचली नव्हती. हिंदीने तोफेसाठी ‘बारूद’ वेगळा ठेवला आणि सुटका करून घेतली. आपण एकाच दारूवर भागवलं. पिण्याच्या दारूचा रस्ता याहून सरळ. ‘औषध म्हणून घोटभर’ हे वाक्य ऐकलेलं नाही असं घर मला दाखवा.

शिवकाळातले अठरा कारखाने मोजतात त्यात दारूखाना आहे. तो दारूगोळ्याचा; मावळ्यांना तिथे पेला मिळत नव्हता. (आणि तो ‘कारखाना’ तरी आजचा कुठे? तेव्हा कारखाना म्हणजे सरकारी कोठी, खातं. पीलखान्यात हत्ती, जामदारखान्यात कपडालत्ता, अंबरखान्यात धान्य. आज आपल्या सांगली-सातारा जिल्ह्यांत ‘तो कारखान्यावर आहे’ म्हटलं की कुठल्या, एवढंच विचारतात. कसल्या, हे विचारायची गरज नाही. साखरेच्याच.)

तुमच्या गावचा दसरा मी एकदा पाहिलाय. सिद्धराजाची पालखी निघालेली, दोन्ही बाजूंना शोभेची दारू उडतेय, माझ्या पांढऱ्या पदरावर काजळी बसत होती आणि घशात गंधक. एका घराच्या कट्ट्यावर एक म्हातारेबुवा औट (शोभेच्या दारूचा एक प्रकार) भरत बसले होते. हातभर पोरगं शेजारी बसून त्यांना कागद देत होतं. मी वाकून बघायला गेले तर म्हणाले, “लांब ऱ्हावा, बाई. दारू कोरडीच पायजे. वली दारू काय कामाची न्हाई.” मागे उभ्या असलेल्या चार-पाच जणांनी एकमेकांकडे बघितलं आणि जे हसले म्हणता! म्हातारेबुवा मात्र मान वर न करता ठासत राहिले. त्यांच्या बोलण्यात दुसरी दारू नव्हतीच.

तेव्हा शब्द एक असल्याचा दोष नाही. तो कुणाच्या शेजारी बसतो त्यावर सगळं. ‘गोळा’ शेजारी आला की तोफ, ‘बंदी’ आली की बाटली, ‘दवा’ आली की काढा. तुमचं चुकलं ते क्रियापदात. दारू ‘असते’ म्हणालात. ‘उडते’ म्हणायला हवं होतं.

‘माझं माहेर जबलपूरचं, सासर सांगलीचं. लग्नाला सात वर्षं झाली, मराठी लिहिते-वाचते. पण मुलाच्या वहीत बाईंनी “आज शिक्षा केली” असं लिहिलं, तेव्हा पहिल्यांदा मला आनंदच झाला होता. असे फसवे शब्द आणखी किती आहेत?’ — एक सून, विश्रामबाग, सांगली

तुमचं पत्र एकही चूक न काढता छापायला देता आलं असतं, हे आधी सांगते. आमच्या काही लेखकांबद्दल हे म्हणता येत नाही.

तुमची फसगत मोठी मजेची आहे. हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, आणि ‘तालीम’ म्हणजेही शिक्षण. मराठीत पहिलीचा अर्थ मार आणि दुसरीचा कुस्ती. तुमचे दीर पहाटे पाचला तालमीत जातात असं ऐकून तुम्हाला घर फारच विद्याव्यासंगी वाटलं असणार.

शिक्षा संस्कृतातली, ‘शिकणे’ याच धातूची. शिक्षक, शिक्षण आपल्याकडेही शाळेतच राहिले, एकटी शिक्षा छडी घेऊन कोपऱ्यात गेली. कशी गेली हे समजायला फार मागे जायला नको. कुणी दात-ओठ खात ‘चांगला धडा शिकवतो त्याला’ म्हणतो, तेव्हा तो पाठ्यपुस्तकातला धडा नसतो. तीच वाट. ‘शासन’चंही तेच : ज्या धातूतून शास्त्र आणि शिष्य आले त्यातूनच शासन आलं, आणि मराठीत ते एकीकडे मंत्रालयात बसतं, दुसरीकडे ‘गुन्हेगाराला कडक शासन झालंच पाहिजे’ म्हणून ओरडतं. शिकवणारा, राज्य करणारा आणि मारणारा ही माणसं जुन्या काळी फारशी वेगळी नसावीत. माझे गणिताचे मास्तर एकटेच तिन्ही होते.

तालीम अरबीतून आली, ‘इल्म’ म्हणजे विद्या, त्या कुळातली. वर ज्या अठरा कारखान्यांबद्दल लिहिलं त्यात तालीमखानाही आहे, म्हणजे तांबड्या मातीची आणि या शब्दाची गाठ जुनी. शिकवणारा फारसी ‘उस्ताद’ही मातीत उतरून ‘वस्ताद’ झाला. आपल्या भागात हा अर्थ इतका घट्ट बसायला कारणही तसंच आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीहून ऑलिंपिकचं कांस्यपदक घेऊन आले, सांगलीजवळच्या कवठेपिरानचे मारुती माने हिंदकेसरी झाले. अशा मुलखात तालमीला दुसरं काही म्हणायची कुणाची छाती आहे?

पण सांगलीत राहता म्हणून एक गंमत सांगते. इथेच तालमीचा दुसरा अर्थही नांदतो. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगली संस्थानात ‘सीतास्वयंवर’ केलं, आणि आमचं गाव नाट्यपंढरी झालं. नाटकवाल्यांची तालीम म्हणजे प्रयोगाआधीची घोकंपट्टी. माझ्या लहानपणी आमच्या गल्लीत दोन भाऊ होते. संध्याकाळी दोघेही ‘तालमीला जातो’ म्हणून निघायचे. एक यायचा अंगाला माती लावून, दुसरा यायचा ओठाला रंग लावून. आई दोघांनाही एकाच हंड्यातलं पाणी काढून द्यायची.

नाटकाचाच आणखी एक : सूत्रधार. भाव्यांच्या नाटकात सूत्रधार उभा राहून पदं म्हणायचा, खेळ पुढे न्यायचा. सगळ्यांत सज्जन पात्र. आता वर्तमानपत्रात सूत्रधार सापडतो तो दरोड्याचा नाहीतर पेपरफुटीचा, आणि बहुधा ‘फरार’ असतो.

फसव्या शब्दांची संख्या विचारलीत. मोजदाद करणार नाही, दोनच सांगते, कारण तुमच्या घरात ते रोज लागतील. सासरे ‘पाहुण्यांची नीट बडदास्त ठेवा’ म्हणाले तर त्याचा अर्थ त्यांना बर्दाश्त करा असा नाही. शब्द तोच, फारसी. मराठीत त्याचा अर्थ सरबराई, हिंदीत सहन करणं. (तीन दिवसांच्या वर राहिलेल्या पाहुण्याच्या बाबतीत दोन्ही अर्थ एक होतात.) आणि जाऊबाई ‘पोरांनी हैराण केलं’ म्हणाल्या, तर त्या चकित झालेल्या नाहीत, वैतागल्या आहेत.

‘इतिहासाच्या पुस्तकात “किल्ल्याला मोर्चे लावले” असं आहे. आमची कन्या विचारते, औरंगजेबाची माणसं घोषणा देत, फलक घेऊन अजिंक्यताऱ्यावर गेली होती का? काय सांगू?’ — एक वडील, सातारा

कन्येला माझ्याकडून कंदी पेढा द्या.

औरंगजेब १६९९च्या डिसेंबरात स्वतः साताऱ्याखाली येऊन बसला. वर प्रयागजी प्रभू किल्ला लढवत होते. मोगलांनी पायथ्याला मोर्चे लावले. म्हणजे आडोसे खणले, मातीचे बांध घातले, त्यामागे तोफा आणि माणसं बसवली. मोर्चा ही बसायची जागा होती, चालायची नव्हे. बसून बसून चार महिने गेले. सुरुंग लावले, त्यातला एक असा फुटला की तट कोसळून मोगलांचीच माणसं ढिगाखाली गाडली गेली. १७००च्या एप्रिलात किल्ला त्यांच्या हाती पडला आणि त्याचं नाव आझमतारा झालं. ते नाव टिकलं नाही, हे साताऱ्यात सांगायला नको.

आता तोच मोर्चा पोवई नाक्यावरून कलेक्टर कचेरीवर चालत जातो. बदललं काय? क्रियापद. मोर्चा पूर्वी ‘लावत’, आता ‘काढतात’. समोर शत्रू आणि त्याच्याकडे तोंड करून उभी असलेली माणसं, एवढा गाभा राहिला. खंदक गेला, पाय फुटले. पण जुना अर्थ गेलाय कुठे? निवडणूक आली की पुढारी ‘मोर्चेबांधणी’ करतात. बांधणी भिंतीची होते, मिरवणुकीची नाही. आणि गृहिणी भांडी आवरून ‘आता मोर्चा वळवला कपाटांकडे’ म्हणते तेव्हा तिच्या नकळत ती एक तोफ फिरवत असते.

कन्येला आवडलं तर पुढचंही सांगा. पावसाळ्यात फौजा हलत नसत. रस्ते चिखलाचे, नद्या भरलेल्या. मग लष्कर एके ठिकाणी शाकारणी करून मुक्काम टाकायचं, त्याला छावणी म्हणत. दसऱ्याला शिलंगण झालं की छावणी उठायची. म्हणजे छावणी पावसामुळे पडायची. आज माण, आटपाडी, जत या भागात छावणी म्हटलं की जनावरांची, चाऱ्याची. आणि ती पडते पाऊस न आल्यामुळे. एका दुष्काळात मी आटपाडीकडच्या एका छावणीत गेले होते. बांबूवर हिरवं जाळं टाकलेलं, खाली दावणीला म्हशी, एका खाटेवर शाळेचं दप्तर आणि स्टोव्ह. जनावरांबरोबर एक माणूस राहावंच लागतं, म्हणून कुणाची आजी तर कुणाचा नातू तिथेच मुक्कामाला. लष्कर नव्हतं, पण मुक्काम अगदी लष्करी होता.

‘आपल्या मासिकात गेल्या अंकात “माझ्या अपरोक्ष” असे छापून आले आहे. परोक्ष म्हणजे डोळ्यांआड. अपरोक्ष म्हणजे डोळ्यांसमोर. आपण नेमके उलटे छापले. आपल्यासारख्या मुद्रितशोधकाच्या हातून हे व्हावे?’ — एक निवृत्त संस्कृत अध्यापक, वाई

लाल रेघवाल्यांपैकी हे एक. वाईहून पत्र आलं की मी आधी खुर्चीत नीट बसते. ज्या गावात प्राज्ञपाठशाळा आणि विश्वकोशाची कचेरी आहे तिथून चुका काढणारच.

सर, संस्कृताच्या हिशेबाने तुम्ही शंभर टक्के बरोबर. वेदान्तात अपरोक्ष ज्ञान म्हणजे स्वतः अनुभवलेलं, समोरासमोरचं ज्ञान. मराठीत मात्र लोकांना ‘अ’ दिसला आणि ‘नाही’ ऐकू आलं, म्हणजे समोर नाही. शब्द पालथा पडला आणि तसाच रूढ झाला. पण तुमच्यासारखंच म्हणून मी एकदा काय करून बसले, ते ऐका.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी एका छापखान्यात नवी होते. खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, हाताने जुळवायचे दिवस. एका साप्ताहिकाचा अंक आमच्याकडे छापला जायचा, आणि त्यात जाहीर नोटिसा. एका शेतकऱ्याची नोटीस आली : ‘माझे अपरोक्ष माझे बंधूंनी सदर मिळकतीचा व्यवहार केला असून तो मला मान्य नाही.’ मी संस्कृत घेऊन बी.ए. झालेले. लाल पेन्सिलीने ‘अ’ उडवला, समासात काट्याची खूण केली आणि फार समाधानाने गॅली, म्हणजे तपासायला आलेलं कच्चं मुद्रित, परत पाठवली. कंपोझिटरने चिमट्याने तो एक खिळा उचलला आणि केसमध्ये टाकला. टप् असा आवाज झालेला मला आठवतो.

अंक निघाला. चौथ्या दिवशी तो शेतकरी छापखान्यात हजर. हातात अंक, मागे दोन मुलगे. “बाई, ह्ये काय क्येलंसा? भाऊ गावभर सांगत सुटलाय, माझ्या देखत व्यवहार झाला असं मी सवताच छापलंय म्हणून!” गावाने सरळ हिशेब केला होता : अपरोक्ष म्हणजे पाठीमागे, तर परोक्ष म्हणजे समोर. माझा ‘खरा’ अर्थ फक्त मला आणि पाणिनीला माहीत होता. नोटीस पुढच्या अंकात फुकट छापून द्यावी लागली, तिचे पैसे माझ्या पगारातून कापले गेले आणि मालकांनी ‘तुमचं संस्कृत घरी ठेवा’ असं मराठीत सांगितलं. कापले ते बरोबरच होतं. वकिलाने सांभाळून घेतलं म्हणून निभावलं, नाहीतर एका ‘अ’पायी त्याची दोन एकर गेली असती आणि मी जन्मभर तोंड लपवलं असतं.

तेव्हापासून दुसऱ्याच्या लेखात ‘अपरोक्ष’ आला की मी त्याला हात लावत नाही. स्वतः लिहिताना तो शब्द वापरतही नाही. ‘माझ्या माघारी’ म्हणते. त्यात कुणाचाच वाद नाही, आणि तो नोटिशीतही चालतो.

जाता जाता एक विचारू? पत्राच्या शेवटी तुम्ही ‘चुकीबद्दल राग मानू नये’ असं लिहिलंत. संस्कृतात राग म्हणजे रंग, आसक्ती, प्रेम. ‘रागद्वेष’ म्हणतो तेव्हा द्वेषाच्या उलट टोकाला तो उभा असतो. मी प्रेम मानू नये असं तुम्हाला म्हणायचं नव्हतं, एवढं मी समजून घेतलं.

‘आमची आजी संध्याकाळी गोठ्यात धार काढताना गोष्ट सांगते. गोठा आणि गोष्ट हे शब्द सारखे का ऐकू येतात?’ — इयत्ता सहावी, पलूस

कारण ते सख्खे आहेत, बाळा. गाई उभ्या राहतात ती जागा म्हणजे संस्कृतात गोष्ठ. त्याचा झाला आपला गोठा. गाईंपाशी माणसं जमायची, बोलत बसायची, म्हणून जमलेल्या माणसांच्या बोलण्याला गोष्ठी म्हणू लागले. ज्ञानेश्वरीत ती ‘गोठी’ आहे. पुढे तिची गोष्ट झाली. आणि आता तर ‘एक गोष्ट लक्षात ठेव’ म्हणताना त्यात कथाही नसते. गोत्र हा शब्दसुद्धा मुळात गाईंच्या वाड्याचाच. एका वाड्यातले ते एका कुळातले.

तुझी आजी गोठ्यात गोष्ट सांगते म्हणजे शब्दाला त्याच्या मूळ घरी नेते. म्हैस पान्हा सोडेपर्यंत संपेल एवढीच लांब गोष्ट असते की पुढेही चालते, ते मला कळव.

‘माझ्या एकसष्टीचं भाषण ऐकून नातू म्हणाला, “आजोबा, खतरनाक!” मी विचारलं, कुठे धोका दिसला? तर हसला. हल्लीच्या मुलांनी शब्दांचे अर्थच बिघडवून टाकले आहेत. त्याच दिवशी आमच्या स्नेह्यांचंही जबरदस्त व्याख्यान झालं, त्यांना तर “जाळ” म्हणाला. नातवाचं मला कौतुक आहे, पण हे सहन होत नाही.’ — एक निवृत्त मुख्याध्यापक, कराड

गुरुजी, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. अक्षर अजून फळ्यावरचं आहे.

‘कौतुक’पासून सुरू करते. संस्कृतात कौतुक म्हणजे कुतूहल, नवल. ‘माझा मराठाचि बोलु कौतुकें । परि अमृतातेंहि पैजां जिंके’ या ओवीतलं कौतुक म्हणजे शाबासकी नव्हे. ज्ञानदेव स्वतःची पाठ थोपटत नाहीत. तिथे आवड आहे, सहज लीला आहे. (त्याच ओवीतली ‘पैज’ म्हणजे ‘प्रतिज्ञे’चं झिजलेलं रूप. प्रतिज्ञा करायची राहिली बाजूला, आता पैज चहाभज्यांवर लागते.) शके १२१२ पासून आजवर ते कौतुक नवलाकडून वाहवाकडे सरकलं. तुम्हाला नातवाचं जे आहे त्यात मला दोन्ही दिसतात.

आता धोका. भीती वाटावी असे शब्द वाहवाला वापरणं ही या पिढीने काढलेली टूम नाही. ‘भयंकर आवडलं’ माझी आईसुद्धा म्हणायची. ‘प्रचंड’मध्ये चंड आहे, म्हणजे उग्र, संतापी, आपण म्हणतो प्रचंड प्रेम. ‘भारी’ म्हणजे वजनदार; आपल्या भागात ते कधीच हलकं होऊन ‘लई भारी’ झालं. साधी ‘छान’ झिजून गुळगुळीत झाली की माणूस जरा खरखरीत शब्द शोधतो, आणि खरखरीत शब्द भीतीच्या डब्यातच सापडतात. नातवाचा ‘जाळ’ही तिथलाच. तोही झिजेल. त्याचा मुलगा बहुधा ‘छान’ म्हणेल आणि नातू कपाळाला आठ्या घालेल.

राहता राहिलं तुमच्या स्नेह्यांचं जबरदस्त व्याख्यान. फारसीत जबरदस्त म्हणजे ज्याचा हात वर आहे तो, दांडगा, जुलमी. आपल्या ‘जबरदस्ती’त तो जुना अर्थ अजून मुठी वळून उभा आहे. तुमचे स्नेही दीड तास बोलले असंही तुम्ही लिहिलंय, त्यामुळे तुम्ही कुठल्या अर्थाने म्हणालात ते मला नक्की ठरवता आलं नाही.

उरलेल्या पत्रांपैकी मिरजेच्या एका सतारमेकरांचं पत्र ‘प्रवीण’ शब्दावर आहे. त्यात वीणा कुठे लपली आहे असं त्यांनी विचारलंय. त्यांनी सोबत भोपळ्याच्या बिया पाठवल्यात, त्या मी परसात टोकल्या. उगवल्या की उत्तर लिहायला घेते.